लघुपटातून गळलेला सम्राट

महोदय,

समतेचा विषय निघाला की ‘२०८१’ हा लघुपट पुरावा म्हणून पुढे केला जातो. सगळ्यांना समान करायला गेलात की असेच होणार, असा त्यामागचा सूर असतो. लघुपट उत्तम आहे, पण हा दावा त्याला पेलत नाही.

चँडलर टटल यांचा हा सुमारे २५ मिनिटांचा लघुपट २००९चा. त्याचा आधार अमेरिकी लेखक कर्ट व्हॉनेगट यांची १९६१ची कथा ‘हॅरिसन बर्जेरॉन’. तिच्यातल्या अमेरिकेत राज्यघटना दुरुस्त करून माणसे समान केलेली आहेत, म्हणजे जो इतरांहून सरस त्याच्यावर अडथळे लादलेले आहेत. हॅरिसनच्या वडिलांच्या गळ्यात ४७ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो छर्ऱ्यांची पिशवी कुलूप घालून अडकवली आहे. बाहेर काढलेल्या प्रत्येक छर्ऱ्याला दोन वर्षे कैद आणि २००० डॉलर दंड. ते हुशार, म्हणून कानात रेडिओ; वीसेक सेकंदांनी कर्कश आवाज होतो आणि विचार तुटतो. इथे लघुपट कथेच्या पुढे जातो. कथेत आपण त्या आवाजाचे वर्णन वाचतो, पडद्यासमोर मात्र आपलाही धागा सुटतो. म्हणून तो आवाज कमी करून दाखवू नये.

अडचण हॅरिसनच्या पात्रात आहे. कथेतला हॅरिसन १४ वर्षांचा, सात फूट उंच. तो दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत घुसतो आणि स्वतःला सम्राट घोषित करून सर्वांनी आपला हुकूम ताबडतोब पाळावा असे बजावतो. मग अंगावर लादलेली ३०० पौंडांची वजने तोडून फेकतो, वादकांना सरदारक्या देऊ करतो आणि मनासारखे वाजेना तेव्हा त्यांच्यापैकी दोघांना खुर्चीतून उचलून हवेत फिरवतो. लघुपटातला हॅरिसन वयाने मोठा, खटल्याविना कैदेत ठेवलेला बंडखोर आहे. त्याच्या तोंडी सम्राटपद नाही, त्यामुळे आपली सहानुभूती सरळ त्याच्याकडे जाते. कथा ती तितक्या सहज देत नाही. जुलमी सत्तेसमोर उभा राहणारा स्वतः हुकूमशहा व्हायला निघाला तर काय, हा प्रश्न लघुपटात उरतच नाही.

दुसरी गफलत जुनी आहे. २००५मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील शाळांच्या निधीच्या वादात समान निधीला विरोध करणाऱ्या वकिलांनी याच कथेचा दाखला दिला. खुद्द व्हॉनेगट यांनी तो खोडून काढला: कथा बुद्धी आणि प्रतिभेबद्दल आहे, संपत्तीबद्दल नाही. कथेतला एक तपशील इथे फार बोलका आहे. हॅरिसनला जाड, लाटांसारख्या उंचसखल काचांचा चष्मा घालायला लावतात, तो अर्धवट आंधळा व्हावा आणि त्याचे डोके दुखावे म्हणून. त्या राज्यात ज्याला कमी दिसते त्याला काहीच मिळत नाही. ज्याला नीट दिसते त्याची नजर तेवढी बिघडवली जाते. गरीब वस्तीतल्या शाळेला पुरेसा निधी देण्याने कोणाच्या डोळ्यांवर असा चष्मा चढतो?

वर्गात किंवा फिल्म सोसायटीत हा लघुपट जरूर दाखवावा. मात्र लगेच मूळ कथाही वाचून दाखवावी. ती मोजक्या पानांची आहे. चर्चा सम्राटाच्या परिच्छेदापासून सुरू करावी आणि घटनादुरुस्त्यांकडे नंतर वळावे.

— एक वाचक