यकृताची तपासणी वेळेत हवी

संपादक महोदय,

माझ्या थोरल्या भावाचे दंड वाळत चालले होते, पण पँट कमरेला बसेना. पोटात पाणी झाले होते आणि आम्ही ते वयावर ढकलत होतो. कावीळ दिसली तेव्हा यकृतातली कर्करोगाची गाठ पोर्टल शिरेत (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत) शिरलेली होती. हा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. म्हणून सिऱ्हॉसिस (यकृतात व्रण साठून ते कडक होण्याचा आजार) असलेल्यांनी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची (या कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्तचाचणी करून घ्यावी. जुन्या हिपॅटायटिस बीच्या रुग्णांनीही डॉक्टरांना विचारावे. (एएफपी नॉर्मल आली तरी निर्धास्त राहू नका, अनेकांची ती वाढतच नाही.) पुढचे आयुष्य नुसत्या गाठीच्या आकारावर ठरत नाही. गाठी किती, शिरेत पसरल्या का, यकृत किती काम करते ते दाखवणारे रक्तातले बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन किती, हेही विचारा. आम्ही मात्र ‘गाठ केवढी?’ एवढेच विचारत राहिलो.

– एक वाचक