कासव शिकवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

समोर आलो की 'बरंय ना' एवढं बोलून मी मागे फिरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून इथे, चारचौघांत लिहितोय.

जूनमध्ये नातवाला तुमच्या अंगणवाडीत आणलं तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. मनाविरुद्ध झालं की डोक्यात राख. पाटी फेकायची, चावायचं, लोळण घ्यायची. मी म्हणालो होतो, 'ताई, दोन धपाटे घाला, सरळ येतंय बघा.' तुम्ही हसलात. 'आबा, उद्या तासभर बसून जा.'

बसलो. 'शिवाजी म्हणतो' चाललं होतं. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटलं की हात वर. नुसतं 'हात खाली' आलं तर हलायचं नाही. आमचं पोरगं पहिल्याच फेरीला चुकलं आणि भोकाड पसरलं. तुम्ही त्याला बाद केलं नाहीत. नंतर म्हणालात, 'ज्याला सरावाची गरज, त्यालाच बाहेर बसवून कसं चालेल?' कपाळामागचा मेंदूचा जो भाग आपल्याला आवरतो, तो पंचविशीपर्यंत पिकत राहतो, हेही तुम्हीच सांगितलंत. साडेचार वर्षांच्या पोराकडून मी काय मागत होतो! रागाच्या भरात कुणी काही शिकत नाही, हसताखेळता थांबायची सवय लागली तर ती भांडणात उपयोगी पडते, हे मला त्या सतरंजीवर कळलं. (गुडघे मात्र दोन दिवस दुखले.)

मग कासव. हात पोटाशी, मान आत, तीन श्वास, आणि हळूच डोकं बाहेर. पोरं 'कासव, कासव' करत खिदळत होती आणि मला देवळातलं गाभाऱ्यासमोरचं दगडी कासव दिसत होतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला हीच उपमा दिली आहे. आयुष्यभर त्या कासवाला हात लावून नमस्कार केला, पण ते घरी न्यायचं असतं हे कधी सुचलं नाही.

श्वास मोठा सोडायचा, हे मात्र त्याला जमत नव्हतं. तुम्ही म्हणालात, 'बशीतला चहा फुंकतोस तसं कर.' श्वास सोडताना नाडी जरा मंदावते म्हणे. मी मनगट धरून पाहिलं, खरं आहे.

सगळं सुधारलं असं मात्र नाही. परवाच गणपती पेठेत खेळण्यांच्या गाडीपुढे तो आडवा पडला. मीही ओरडलो. दोघांचंही कासव घरीच राहिलं होतं.

पण काल रात्री सापशिडी खेळत होतो. तो अठ्ठ्याण्णववर, मी बराच मागे. त्याला एक पडला आणि नव्याण्णवचा साप थेट खाली घेऊन गेला. पट उधळणार म्हणून मी सोंगट्या धरून ठेवल्या. तो उठला, मान आत घेतली, भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला. परत येऊन फासा हातात घेतला आणि बशीतल्या चहासारखा फुंकला.

दोन पडले.

सोमवारी भडंग घेऊन येतोय. नको म्हणू नका.

आपला,
त्या चावऱ्या पोराचा आबा, सांगली