कापराचं तेवढं बघ

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

शिबिरात फोन जमा करून घेतात, म्हणून हे पत्र सुहासबरोबर देतेय. तो शुक्रवारी एसटीने माणगावला उतरेल. डब्यात चकल्या आहेत. सगळ्यांना पुरतील एवढ्या केल्यात, दादासारख्या उशाखाली दडवू नकोस.

तू निघालीस आणि तासाभरात ग्रुपवर तुमचं वेळापत्रक आलं. श्रमदान, गाणी, नदीवर जाणं, नि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘चमत्कारांमागचं विज्ञान – सईताई’. सईताई! मी ते लगेच माईंना पाठवलं. त्यांच्याकडून नुसता अंगठा आला. चालायचंच.

तर सईताई, कापराचं तू करणार आहेस का?

तुला आठवतं की नाही कोण जाणे. मे महिन्यात पहिल्या शिबिराहून आलीस आणि गणपतीपर्यंत पोटात ठेवलंस, याचंच मला नवल वाटतं. चाळीच्या गणपतीची आरती संपत आलेली. तू पुढे झालीस, डबीतली वडी निरांजनावर धरलीस आणि पेटलेली जिभेवर ठेवलीस. झांजा थांबल्या. तळमजल्यावरच्या आजींनी तर हात जोडले, देवी आली म्हणून. तू तोंड मिटलंस, उघडलंस आणि म्हणालीस, “अंगात नाही आलेलं आजी, थुंकी आहे.” मग सगळ्या चाळीला समजावून सांगितलंस, की कापराची वाफ जळते, जीभ ओली असते आणि तोंड मिटलं की हवा तुटते म्हणून विझतो. आप्पा हसता हसता खोकायला लागले. ओठाच्या कोपऱ्यावर पांढरा चट्टा उठला होता, तो मला रात्री दिसला. तूप लावताना मी तुला काय काय बोलले! पण माझं मन भरून आलं होतं, ते तेव्हा सांगायचं राहिलं.

आता तू मोठी आहेस, तुला जमेल. मला काळजी समोर बसणाऱ्यांची आहे. ती दहा-अकरा वर्षांची पोरं आहेत. तू त्यांची ताई, तू करशील ते ती घरी जाऊन करणार. तू केलंसच की. कापूर गिळला तर लहान मुलाला झटके येतात, हे मला आपल्या डॉक्टरांनी सांगितलंय. पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनने होम पेटवता, ते लांबून दाखवायला हरकत नाही, पण बाटल्या पोरांच्या हाती लागू देऊ नकोस. नारळावर पाणी शिंपडून जाळ काढता त्यातल्या सोडियमचंही तेच. त्यापेक्षा हळदीत चुना कालवून लाल करून दाखव. कुंकू तसंच तर करायचे. पोरांनी घरी करून बघितलं तर फार तर फ्रॉक रंगेल.

झालं, लागलं माझं भाषण. माफ कर. पत्रात बोलताना समोर कुणी डोळे फिरवत नाही, म्हणून वाहवत जाते.

खरं सांगू का, कापूर हे निमित्त आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाला गावातली माणसंही येतात म्हणालीस. त्यात कुणाचा मांत्रिक असेल, कुणाचा बुवा असेल. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात पुलावर सकाळी फिरायला गेलेल्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्या दिवशी आप्पा जेवले नव्हते. इतकी वर्षं अडकलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम मग काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. “माणूस गेल्यावर,” एवढंच आप्पा म्हणाले. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसरेंवर गोळ्या झाडल्या, आणि त्याच वर्षी आप्पांनी शिबिरात तुझं नाव घातलं. मी नको म्हणत होते. आप्पा म्हणाले, “तिला तिथे देव नाही असं शिकवत नाहीत गं, विचारायला शिकवतात.” राष्ट्र सेवा दलात वाढलेला माणूस. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात, विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषण केलं, ते सांगायला लागले की त्यांना थांबवायची कुणाची टाप नव्हती.

म्हणून म्हणते, कापूर जिभेवर ठेव किंवा नको ठेवूस, पण समोरच्या म्हातारीच्या देवाला हसू नकोस. तू हसणार नाहीस, माहीत आहे. मी संकष्टी सोडत नाही आणि तू मोदक सोडत नाहीस, एवढं आपल्या घरात जमलेलं आहे. तसंच तिथे जमव.

शिबिरात आडनाव सांगायचं नसतं, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. घरी आल्यावर तू दोन महिने मैत्रिणीचं नाव घेत होतीस, आयेशा आयेशा, आणि माई विचारायच्या, “आयेशा कोण?” तू म्हणायचीस, “पोहताना माझ्या पुढची.” तिच्या घरी ईदला जाऊन शिरखुर्मा खाल्लास तोवर मला माणूस कळलं नव्हतं, फक्त पोहणं कळलं होतं.

बाबांचं मनावर घेऊ नकोस. सुट्टीत फुकट राबतेस, इंटर्नशिप गेली, हे ते रोज म्हणतात. आणि काल खालच्या दुकानदाराला “आमची मुलगी शिबिर चालवते” असं सांगत होते, मी जिन्यातून ऐकलं. चालवत नाहीस हे मी त्याला सांगितलं नाही.

रात्री मुलं रडली तर लगेच आईला फोन लावू नका. तू पहिल्या रात्री रडली होतीस, त्या वेळच्या ताईने तुला पाणी आणायला पाठवलं होतं. उन्हात टोपी घाल. नदीवर डोकी मोजून घे, आत जाताना आणि बाहेर आल्यावरही.

सुहास रविवारी परत येतोय, त्याच्याकडे चिठ्ठी दे. लांबलचक नको. कापूर करणार आहेस की नाही, एवढं एका ओळीत लिही, आणि करणारच असशील तर वडी केवढी घेणार, तेही.

तुझी,
आई