बाबांना न लागणारा वास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं तेव्हा ऐन तोडणी चालू होती, म्हणून उत्तराला उशीर. तू खोचकपणे विचारलंयस, "नैसर्गिक वाइनमध्ये काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, मग तुम्ही चौघं दिवसभर करता काय?" ऐक.

सेंद्रिय हा शब्द मुख्यतः बागेचा, नैसर्गिक हा तळघराचा. लोक दोन्हींची खिचडी करतात. आमच्या बागेत तणनाशक नाही, पण फवारणी आहे! वेलीवरच्या भुरी रोगाला गंधक, केवडा रोगाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. १८८५ च्या सुमाराचा हा उपाय सेंद्रिय नियमांत आजही बसतो. मोरचुदातलं तांबं मात्र मातीत साचत जातं, म्हणून युरोपात हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोंची मर्यादा घातलीय. 'सेंद्रिय' ऐकून कुणी हात जोडायला लागलं की मला पाठीवरचा तो निळा पंप आठवतो.

खरा जीव टांगणीला लागतो तो तळघरात. विकतचं यीस्ट म्हणजे आयतं विरजण, रस झटपट उसळतो. आम्ही साली आणि भांड्यांवर जे यीस्ट असेल त्याच्या भरवशावर राहतो. सुरुवात करणाऱ्या जाती दुबळ्या, अल्कोहोल ४-५ टक्क्यांवर गेलं की त्या मान टाकतात. मग सॅकरोमायसिस हे दणकट यीस्ट सूत्रं हाती घेतं. ते येईपर्यंत झोप नाही. सकाळ-संध्याकाळ घनता मोजायची, वर आलेला सालींचा थर खाली दाबायचा, टाकी फार तापली तर गार करायची. कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, म्हणून तळघरात एकट्याने उतरायचं नाही, हा आईचा कायदा.

आणि मग आमचं ते जुनं भांडण: सल्फर, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फाइट. युरोपच्या सेंद्रिय नियमांत कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं. बाबा म्हणतात, शून्य. (यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं, तेव्हा शून्य कुठलं, पण त्यांना कोण सांगणार!) ताई म्हणते, बाटली भरताना २० घाला आणि शांत झोपा.

गेल्या हंगामात बाबांच्या हट्टाने एक टाकी तशीच ठेवली. ताईने ग्लास हुंगला, छान. घोट घेतला, छान. गिळल्यावर थोड्या वेळाने तिचं तोंड वाकडं झालं. उंदराचा पिंजरा! मीही चाखली, तेच. नाकाला हा वास येत नाही, कारण वाइनच्या आंबटपणात ते द्रव्य हवेत उडत नाही. लाळेत मिसळून आंबटपणा उतरला की मग घशातून वर येतं. गंमत म्हणजे काही माणसांना हा दोष जाणवतच नाही. बाबा त्यातलेच निघाले. "उत्तम आहे, भरा बाटल्या," म्हणाले, आणि वर ताईवर संशय, की ही सल्फर घालायला निमित्त शोधतेय. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मी ताईच्या बाजूने बोललो, तेव्हा कुठे बाटल्या थांबल्या.

कधीकधी हा दोष महिनोन्‌महिने ठेवल्यावर विरतो, म्हणून टाकी अजून तशीच आहे. यंदाच्या वाइनला २० वर तह झालाय. दर रविवारी ताई आणि मी त्या टाकीतला एकेक घोट घेतो, आणि बाबा आमच्या चेहऱ्यांकडे बघत मनात आकडे मोजतात. परवा पंधरापर्यंत पोचले होते.

तुझा,
जांभळ्या हातांचा मित्र