लेबर रूममधल्या सिस्टर, हे पत्र तुम्हाला

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

डिस्चार्जच्या दिवशी तुमची पाळी नव्हती, त्यामुळे आभार मानायचे राहूनच गेले. नुसते आभारच मानायचे असते तर चिठ्ठी लिहून काउंटरवर ठेवली असती. पण हे उघड पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्या बाळंतपणाची हकिगत ज्या मैत्रिणीला सांगितली, तिने एकच उत्तर दिलं, "नशीबवान आहेस, चांगली सिस्टर मिळाली." हे ऐकलं की मला बरं वाटायच्या ऐवजी चीड येते. तुम्ही चांगल्या आहात यात वादच नाही. पण त्या रात्री तुम्ही जे केलंत, त्यातलं जवळपास सगळं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली लेखी सांगून ठेवलेलं आहे. बाळंतपणातल्या काळजीबद्दलच्या चांगल्या ५६ शिफारशी आहेत. बाळाला पाजता पाजता मी त्या फोनवर वाचल्या आणि प्रत्येक पानावर तुम्ही आठवत होतात. नशिबाचा संबंध एवढाच की ज्या खोलीत मी गेले, तिथे ते वाचलेलं आणि पाळणारं माणूस होतं.

बाळाच्या ठोक्यांपासून सुरुवात करते.

मी आत आले ती पट्ट्यांची तयारी ठेवूनच. पहिल्या खेपेला (ते हॉस्पिटल वेगळं होतं, नाव घेत नाही) मला आल्याबरोबर पाठीवर झोपवलं होतं, पोटावर ठोके नोंदवणाऱ्या मशीनचे दोन पट्टे आवळले होते आणि "हलू नका, ठोके निसटतात" अशी ताकीद दिली होती. कूस बदलली की मशीन बोंबलायचं. मग कुणीतरी यायचं, मशीनकडे बघायचं, बटण दाबायचं आणि निघून जायचं. माझ्याकडे बघायचं काही कारणच उरलं नव्हतं, सगळी माहिती पडद्यावर होती ना.

तुम्ही पट्टे आणलेच नाहीत. आधी विचारलंत, "पोटावर हात ठेवू का?" मग दोन्ही हातांनी चाचपून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते शोधलंत, कारण ठोके पाठीकडून जास्त स्पष्ट ऐकू येतात. तिथे डॉपलर (ठोके ऐकवणारं हातातलं छोटं यंत्र) टेकवलात आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलंत. मला वाटलं धीर देताय. तुम्ही माझी नाडी बघत होतात. "आईचे ठोके बाळाचे समजून मोजले जाऊ नयेत म्हणून. होतं असं कधीकधी," म्हणालात. एवढी साधी गोष्ट, पण मागच्या बाळंतपणात मशीनवर दिसणारे ठोके नक्की कुणाचे आहेत, हा प्रश्न कुणाच्या मनात आल्याचं मला आठवत नाही.

कळ आली. ती चालू असताना तुम्ही ऐकत होतात, ओसरली तरी हात तिथेच. घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलंत, "१३८" असं मोठ्याने म्हणालात आणि लिहून ठेवलंत. "११० ते १६०च्या मध्ये असले की छान." कळ संपल्यावर एवढा वेळ का थांबता, असं विचारलं तर तेही सांगितलंत. कळ येते तेव्हा गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, त्यांच्यातून वारेकडे (बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाकडे) जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बाळाला मिळणारा प्राणवायू तेवढ्यापुरता कमी होतो. धडधाकट बाळ हे सहज निभावून नेतं. दमलेल्या बाळाचे ठोके मात्र कळ ओसरली तरी खालीच रेंगाळतात आणि सावकाश वर येतात. म्हणजे खरी बातमी कळेनंतरच्या त्या अर्ध्या-एका मिनिटात असते. हे कळल्यावर मी कळ संपली की स्वतःच गप्प राहायला लागले, तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून.

दर पंधरा मिनिटांनी तुम्ही येत होतात. शिफारस पंधरा ते तीस मिनिटांची आहे, आणि जोर लावायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. मध्येच डॉपलरची बॅटरी गेली तेव्हा तुम्ही खणातून फीटोस्कोप, म्हणजे ठोके ऐकायचं भोंग्यासारखं नळकांडं, काढलात, माझ्या पायांकडे तोंड करून कान टेकवलात आणि हात काढून घेतलेत. नुसत्या कानाने तो दाबून धरलेला. हे साधन १८९५ साली पिनार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी आणलं. त्याच्याही आधी, १८२१ साली, केर्गारादेक नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच डॉक्टरांनी गर्भवतीच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला होता तो गर्भजलाचा आवाज येतो का ते बघायला, आणि ऐकू आले बाळाचे ठोके. (हे मला आता माहीत झालंय. तेव्हा मला फक्त बॅटरीची काळजी पडली होती.)

माझ्या नवऱ्याने तुम्हाला न राहवून विचारलंच होतं, "मशीन सतत लावून ठेवलं तर जास्त सुरक्षित नाही का?" बऱ्याच ठिकाणी या प्रश्नावर "आम्हाला शिकवू नका" असं ऐकायला मिळतं. तुम्ही म्हणालात, "निरोगी बाई असेल, कळा आपोआप सुरू झाल्या असतील, तर सतत मशीन लावून बाळं जास्त वाचतात असं दिसलेलं नाही. सिझर मात्र वाढतात."

मी घरी येऊन पडताळून पाहिलं, कारण माझा स्वभावच तसा. १९८५ साली डब्लिनमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. जवळजवळ १३,००० बायका, निम्म्यांना सतत मशीन, निम्म्यांचे ठोके ठरावीक वेळाने कानाने. पुढे २०१७ साली वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने अशा १३ चाचण्यांचा, ३७,०००हून अधिक बायकांचा एकत्र आढावा घेतला. सतत मशीन लावल्याने नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, हे खरं आहे आणि ते लपवून चालणार नाही. पण झटके मुळातच विरळा, आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा कायमचा परिणाम) किंवा बाळाचा मृत्यू यात मात्र ठळक फरक दिसला नाही. सिझरचं प्रमाण दीडपटीहून जास्त झालं. कारण मशीन प्रत्येक लहानमोठी घसरण कागदावर उमटवतं, त्यातल्या बहुतेक घसरणींचा अर्थ काहीच नसतो, आणि तोच कागद दोन डॉक्टरांना दाखवला तर दोन मतं पडू शकतात. कागद हातात आला की काहीतरी करावंसं वाटणारच. डॉक्टरांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

पण सिस्टर, तुम्ही मशीनच्या विरोधात नव्हतात, आणि हे पत्र वाचणाऱ्या कुणाचा तसा समज झाला तर ते मला आवडणार नाही. पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट, घट्ट निघालं, तेव्हा तुमचा सगळा नूर बदलला. आवाज नाही बदलला, काम बदललं. "बाळाने आत शी केलीय. बहुतेक वेळा बाळ ठीकच असतं, पण आता मला सलग लक्ष ठेवायचंय, मध्ये मध्ये ऐकून भागणार नाही. पट्टे लावू का?" असं विचारून तुम्ही दोन पट्टे लावलेत. एक बाळाच्या ठोक्यांसाठी आणि दुसरा वरच्या बाजूला, कळांसाठी. डॉक्टरांना फोन केलात. मी आपली सवयीने पाठीवर आडवी होऊ लागले तर म्हणालात, "पट्टे लागले म्हणून उताणं कशाला झोपायचं?" उताणं झोपलं की गर्भाशयाचं ओझं मोठ्या शिरेवर येतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, म्हणजे ज्याची भीती त्यालाच आमंत्रण. तुम्ही कॉटची डोक्याकडची बाजू उंच केलीत आणि मी गुडघ्यांवर, पुढे रेलून बसले. पट्टे तसेच होते.

कागद सरकायला लागला तसा तुम्ही मला तो वाचायला शिकवलात. मधली रेघ म्हणजे सरासरी ठोके. तिची बारीक नागमोड हवी. रेघ सपाट झाली तर जास्त विचार करायचा. बाळ हललं की ठोके वर जातात, ते चांगलं लक्षण. मग एका कळेबरोबर ते एकदम खाली गेले आणि तसेच झटकन वर आले. नवरा पांढराफटक पडला. तुम्ही नाळ दाबली जात असेल म्हणून मला डाव्या कुशीवर वळवलंत, पुढच्या दोन-तीन कळा नुसतं बघत राहिलात. ठोके सावरले. डॉक्टरही आल्या, कागद पाहिला आणि माझ्याशी बोलल्या, माझ्या डोक्यावरून तुमच्याशी नव्हे. बाळ बाहेर येईल तेव्हा बालरोगतज्ज्ञ खोलीत असतील, एवढं सांगून त्या तिथेच थांबल्या. बाळ आलं, लगेच रडलं, हातपाय झाडले, त्यामुळे उगाच नाका-तोंडात नळी घालून ओढाताण झाली नाही. ते सरळ माझ्या छातीवर आणि नाळ कापायलाही मिनिटभरापेक्षा जास्त थांबलात.

तपासणीबद्दल लिहायला थोडा संकोच होतोय, तरी लिहिते. आतून तपासायच्या आधी तुम्ही पडदा ओढलात, कळ जाऊ दिलीत, आणि म्हणालात, "थांबा म्हणालात की थांबेन." मी मध्येच थांबा म्हटलं. खरंच दुखत होतं, आणि थोडं मला बघायचंही होतं. तुम्ही त्याच क्षणी हात काढलात. तोंड वाकडं केलं नाहीत. घरी आल्यावर बसून मी बाकी कशाकशाचा विचार केला असेल, पण हे आठवून रडले.

मागच्या वेळी दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी तपासून जायचं आणि "गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटीमीटर तरी उघडायला हवं" म्हणून लगेच कळा वाढवायचं सलाईन लागलं होतं. तुम्ही चार तासांनी तपासलंत. चार सेंटीमीटर निघाले तेव्हा मी हिरमुसले, तर म्हणालात की कळांची खरी जोराची अवस्था पाच सेंटीमीटरपासून धरतात आणि तासाला एक सेंटीमीटर हा नियम सगळ्यांना लागू पडत नाही, तोवर चाला, पाणी प्या, भूक असेल तर खा. नवऱ्याला एकदाही बाहेर काढलं नाहीत. पोटावर वरून दाब दिला नाहीत. बाळाची वाट मोठी करायला छेद देणारी कात्री तर लांबच राहिली.

आता एक गोष्ट जी तुम्ही बोलला नाहीत पण मी पाहिली. पलीकडच्या कॉटवर दुसरी बाई होती, तिच्या पलीकडे तिसरी, आणि तुम्ही तिघींच्या मध्ये पळत होतात. दर पंधरा मिनिटांनी पूर्ण मिनिट ऐकायचं, लिहायचं, समजावून सांगायचं म्हणजे माणूस लागतं. मला राहून राहून वाटतं की अनेक ठिकाणी पट्टे बाळाच्या काळजीने लागत नाहीत, ऐकायला कुणी नसतं म्हणून लागतात. सिस्टरवर चार-पाच बायका टाकायच्या आणि वर आदराने वागा म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. तुम्ही ते निभावलंत ते तुमच्या पायांच्या जिवावर. पाळी संपताना तुम्ही भिंतीला टेकून चपलेतून पाऊल काढून चोळत होतात, ते मी कॉटवरून बघितलं होतं.

तुमचं नाव इथे घातलेलं नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. मेट्रन मॅडमना मात्र नावानिशी वेगळं पत्र दिलंय. त्यात तुमचं कौतुक आहे, पण निम्मं पत्र मागण्यांचं आहे. रात्रपाळीला आणखी एक सिस्टर द्यावी, आणि डॉपलरच्या जास्तीच्या बॅटऱ्या खोलीतच ठेवाव्यात. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. पुढच्या आठवड्यात बाळाच्या लसीसाठी येणार आहे तेव्हा पुन्हा विचारीन.

तुमची,
खिडकीजवळच्या कॉटवरची बाळंतीण