कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेकॅनिक मामांना, उघड पत्र

मामा, सप्रेम नमस्कार.

गाडी घेऊन निघाले त्या दिवशी तुमचे नीट आभार मानता आले नाहीत. घसा दाटून आला होता, आणि तुम्ही पैसे मोजूनसुद्धा न घेता लगेच दुसऱ्या गाडीखाली शिरलात. तोंडावर केलेली स्तुती तुम्हाला चालत नाही, एवढं त्या वेळात कळलं. तरीही हे चारचौघांसमोर लिहितेय, कारण जे वाईट वागले त्यांच्याविषयी आपण तावातावाने बोलतो आणि चांगल्या माणसाचं नाव फोन नंबर मागणाऱ्यालाच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. माझी गाडी 2005 सालची ऑक्टाव्हिया आरएस. 1.8 लिटरचं टर्बो इंजिन, म्हणजे हवा दाबून आत भरणारं, प्रत्येक सिलिंडरला 5 असे 20 व्हॉल्व्ह, 150 घोडे. माझ्या कमाईची, मी हौसेने सांभाळलेली. एअर फिल्टरच्या मूळ डब्याच्या क्लिपा वयाने तुटल्या होत्या, आणि टर्बोला जरा मोकळी हवा मिळावी अशी इच्छाही होती, म्हणून पुण्यातल्या एका नावाजलेल्या दुकानात बाहेरचा इन्टेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, बसवून घेतला. कोन फिल्टर आणि जाडजूड चकचकीत पाइप. ट्यूनिंग करावं लागेल का, असं मी स्पष्ट विचारलं होतं. उत्तर मिळालं, “काही गरज नाही मॅडम, इसीयू आपोआप शिकतो.” इसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर.

त्यानंतर गाडीची जी दशा झाली ती तुम्ही पाहिलीत. सिग्नलला उभी असली की आरपीएम खालीवर. अर्धा अ‍ॅक्सिलरेटर दिला की धक्के. टर्बो भरात यायची वेळ आली की नेमका दम सुटायचा. खंबाटकीच्या चढाला ट्रक ओलांडताना तिने मध्येच मान टाकली आणि मागून एसटी अंगावर आली, तेव्हा माझ्या हातापायातलं त्राण गेलं होतं.

दुकानात गेलं की चेक इंजिनचा दिवा पुसून द्यायचे. प्लग बदलले, चारही इग्निशन कॉइल बदलल्या, इंजेक्टर धुतले, दर वेळी बिल फाडलं. लॅपटॉप लावायचे तो काचेच्या आड. आत यायचं म्हटलं तर “कस्टमरला परवानगी नाही.” काय दिसतंय ते तरी सांगा म्हटलं तर “मिस्टरांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो.” शेवटी सगळं खापर ई20 पेट्रोलवर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फोडलं, गाडी विकून टाका म्हणाले, आणि त्याच बैठकीत गिअर बदलताना फुस्स आवाज करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवायचा आग्रहही धरला. विकायला निघालेल्या गाडीला! याची चीड मला अजून येते आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही.

तुमच्याकडे आले ती कोल्हापूरच्या मावशीच्या शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून. उद्यमनगरातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना लेथ चालू, रस्त्यावर लोखंडाचा कीस, आणि तुमच्या शेडवर धड पाटीही नाही. खरं सांगते, मनात फार आशा नव्हती.

मामा, तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत, पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर एक अगदी छोटी गोष्ट. तुम्ही लॅपटॉप जोडलात, खिशातलं फडकं काढून स्क्रीनवरची धूळ पुसलीत, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. स्टूल पायाने पुढे सरकवून म्हणालात, “ताई, हितं बसा. गाडी तुमची हाय, तुम्हीच बघा.”

बस्स, एवढंच. मग बोट ठेवून दाखवलंत. दोन आकडे होते. एक गाडी जागेवर उभी असतानाचा, दुसरा चालत्या गाडीचा. इसीयू आपल्या हिशेबापेक्षा किती जादा इंधन ओततोय ते त्या आकड्यांवरून कळतं. चालत्या गाडीचा आकडा 20 टक्क्यांच्या आसपास चढलेला, आणि उभ्या गाडीचाही वाढलेला. “दोन्ही वाढल्यात म्हंजे रोग एक न्हाई, दोन हायत,” असं तुम्ही म्हणालात, आणि इतके महिने मला कुणी जे सांगितलं नव्हतं ते पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर आलं.

पहिला रोग पाइपचा. आत जाणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर मूळ नळीच्या मापावर बेतलेला असतो. त्याची तापलेली पट्टी जवळून वाहणाऱ्या हवेने किती गार होते, यावरून इसीयू हवेचं वजन ठरवतो. दुकानाने तो सेन्सर काढून जाड पाइपात खोचला होता. “पंचगंगेचं पात्र जिथं रुंद, तिथं पाणी संथ,” तुम्ही म्हणालात, “पाणी तेवढंच असतंय.” हवा तेवढीच, पण सेन्सरजवळून सावकाश जाणारी, म्हणून ती कमी मोजली जाते, आणि हवा कमी मोजली की इंधन कमी पडतं. व्यास नुसता दहाव्या हिश्श्याने वाढला तरी क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं, हा हिशोब तुम्ही खडूने पत्र्यावर करून दाखवलात. हळू चालवताना धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ही चूक भरून काढायला धडपडतो. पण पूर्ण दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरला, टर्बो भरात असताना, तो हात काढून घेतो. नेमकं तेव्हाच मिश्रण कोरडं राहिलं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, की ते अवेळी पेटून इंजिन ठोके मारायला, म्हणजे नॉक करायला लागतं, इसीयू ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि ताकद जाते. खंबाटकीत काय झालं होतं ते मला तिथे स्टुलावर बसून कळलं. हे असंच चालत राहिलं असतं तर एखाद दिवशी पिस्टनवर बेतलं असतं, हेही तुम्ही सांगितलंत, पण घाबरवण्याच्या सुरात नाही.

दुसरा रोग बारीक होता. इंजिनाच्या ब्रीदरचा, म्हणजे आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीचा, रबरी कोपर जुना होऊन ताठरलेला. नवा पाइप बसवताना कुणीतरी तो पिळला आणि खालच्या बाजूने चीर गेली. सेन्सरने न मोजलेली हवा तिथून आत शिरत होती. ती चीर मला दिसावी म्हणून तुम्ही टॉर्च माझ्याच हातात दिलात.

पेट्रोलचं विचारलं तेव्हाही तुम्ही सोपं उत्तर दिलं नाहीत. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त सोडावं लागतं, आणि ही गाडी त्या हिशोबाने बनलेली नाही. “त्याचा वाटा हाय, पण सगळं पाप त्याच्या माथी मारू नका.” ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला तर तुम्ही हातच जोडलेत. मोजून आत घेतलेली हवा बाहेर फेकायची आणि इंधन मात्र पूर्ण ओतायचं, हे तुमच्या शेडमध्ये होणार नाही म्हणालात.

पुढचं काम कसं झालं ते सगळं इथे लिहीत नाही. शेजारच्या लेथवर सेन्सरसाठी मूळ मापाचं अ‍ॅल्युमिनियमचं घर कातून घेतलंत आणि सेन्सर त्यात बसवलात. इंजिनाची गरम हवा ओढणारा फिल्टर हेडलाइटमागच्या गार हवेकडे नेलात आणि मध्ये पत्र्याचा आडोसा केलात. इसीयूतल्या मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवलीत, मगच मॅपला, म्हणजे इंधन-ठिणगीच्या हिशोबाला, हात लावलात, आणि तोही बेताने. पन्हाळ्याच्या रस्त्याला चालत्या गाडीच्या नोंदी घेताना मीच चालवत होते. ते दोन्ही आकडे शून्याजवळ येताना पाहिले आणि मला बोलायला सुचेना.

घोडे किती वाढले, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “डायनो न्हाई माझ्याकडं, ताकद मोजायचं यंत्र. मोजल्याबिगर सांगत नसतोय.” मामा, या वाक्याची किंमत तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. इन्टेक लावा आणि इतके घोडे मिळवा, अशा जाहिराती वाचून वाचून आमचे डोळे गेलेत. न मोजलेला आकडा सांगायला तुम्हाला काय लागलं असतं? मी खुशीने विश्वास ठेवला असता. तुम्ही सांगितला नाहीत.

सचोटी ही काही मोठमोठ्या प्रसंगांतच लागते असं नाही. गिऱ्हाइकाला दुकानाच्या काचेच्या अलीकडे बसवायचं की पलीकडे, इथपासून ती सुरू होते. समोरचा माणूस बाई आहे, बाहेरगावचा आहे, त्याला यातलं कळत नाही, हे दिसल्यावर एक माणूस बिल वाढवतो आणि दुसरा स्टूल पुढे सरकवतो. तुमच्या त्या गल्लीत असे स्टूल पुढे सरकवणारे बरेच कारागीर मला दिसले. घर कातून देणाऱ्या लेथवाल्या काकांनी तर पहिलं घर केसभर सैल झालं म्हणून स्वतःहून बाजूला टाकलं आणि दुसरं केलं. मी बघतही नव्हते. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

मूळ डबा, त्याचे स्क्रू आणि उरलेल्या क्लिपा तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर मार्करने गाडीचा नंबर लिहून डिकीत ठेवल्यात, हे मला पुण्यात आल्यावर दिसलं. फाइलची प्रत असलेला पेन ड्राइव्हही त्यातच होता. मागच्या दुकानाने तो डबा भंगारात द्या म्हणून सांगितलं होतं.

गाडी उत्तम आहे. सिग्नलला शांत उभी राहते, खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये एका दमात चढते, पीयूसी पहिल्या फटक्यात निघाली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फिल्टर धुतल्यावर तेल अगदी हलक्या हाताने लावते, सेन्सरवर उडू नये म्हणून. टायमिंग बेल्ट आधी बदला, मग पुढची हौस, असं बजावलं होतंत ना? बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही मागवून ठेवलेत. दिवाळीच्या आधी तुम्हाला कोणता शनिवार मोकळा आहे तेवढं कळवा. आणि या वेळी पैसे मोजून घ्यायचे, हे आत्ताच सांगून ठेवते.

आपली,
पुण्याची ऑक्टाव्हियावाली ताई