रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाचा, कारखाना सापडला. चार दिवस चर्चा झाली, मग सगळे गप्प. माल पकडायचं काम पोलिसांचं. पण तो घेतलेलं पोरगं दवाखान्यात आलं तर ओळखायचं कसं, यावर कुणी बोलत नाही. माझं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलं, म्हणून लिहितो.

लघवीतून नशा तपासायचं कार्ड पालक गुपचूप आणतात आणि हमखास उलटं वाचतात. गरोदरपणाच्या कार्डावर दुसरी रेघ उमटली की ‘आहे’. इथे दुसरी रेघ उमटली तर ‘नाही’, उमटलीच नाही तर ‘आहे’. बरोबर वाचलं तरी ते कार्ड गांजा, अफू, अॅम्फेटामिन, झोपेच्या गोळ्या अशा ठरावीक गोष्टीच शोधतं. डिझायनर ड्रग बनवणारे रेणूत थोडा फेरफार करतात, की कार्डातली अँटिबॉडी, म्हणजे पदार्थ ओळखणारं प्रथिन, फसते. मेफेड्रोन निसटू शकतं, कृत्रिम गांजा निसटतो, फेंटानिल, म्हणजे अफूसारखंच पण प्रयोगशाळेत बनणारं औषध, तर अफूच्या पट्टीवर सहसा दिसतच नाही. खात्री करायची तर मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन मोजून पदार्थ ओळखणारं यंत्र, लागतो, आणि त्यालाही जुळवून बघायला त्या पदार्थाचा शुद्ध नमुना हवा. संयुक्त राष्ट्रांकडे असे 1,200 हून जास्त नवे पदार्थ नोंदले गेलेत. सगळ्यांचे नमुने ठेवणार कोण?

धोका नुसता व्यसनाचा नाही. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात घरगुती ‘कृत्रिम हेरॉइन’ टोचून घेतलेल्या तरुणांना काही दिवसांत पार्किन्सनसारखा आजार जडला. बनवताना चुकून एमपीटीपी हे मेंदूला इजा करणारं रसायन तयार झालं होतं. एमडीने नाडी, रक्तदाब आणि अंगातली उष्णता चढते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 43 वर असताना, असं तापलेलं, बरळणारं पोरगं आणलं तर घरचे ‘ऊन लागलं’ म्हणणार आणि पॅरासिटामॉल देणार. त्या गोळीने हा ताप उतरत नाही. अंग बाहेरून गार करावं लागतं, तेही लगेच, दवाखान्यात.

सोबतच्या मित्रांनी पोलिसांच्या भीतीने काय घेतलं ते लपवू नये; डॉक्टरांना तेवढ्या एका वाक्यावर निम्मं कळतं. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम 64-अ खाली सेवनाच्या खटल्यातून सूट मिळू शकते, हे किती जणांना ठाऊक आहे? मदतीसाठी 1933 ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

मास स्पेक्ट्रोमीटरचं मोठं यंत्र जिल्ह्यात यावं ही मागणी आहेच, पण त्याला निधी लागेल आणि फाइल फिरेल. तोवर दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. संशयित रुग्ण आला की पहिलंच रक्त आणि लघवी थोडी काढून फ्रीजमध्ये ठेवावी, कारण दोन-तीन दिवसांनी शोधायला बऱ्याचदा काही उरत नाही. आणि लॅबनी रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ न छापता कोणकोणते पदार्थ तपासले, त्यांची नावं खाली छापावीत.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सोलापूर